गावात जाऊन येतो

नाशिकरोडच्या माणसाला नाशिकला जायचं असलं की तो म्हणतो, "जरा गावात जाऊन येतो." १९८२ साली महानगरपालिका झाली आणि नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर हे सगळं एका कारभाराखाली आलं. घरपट्टी आपण एकाच पालिकेला भरतो. तरी आपल्या तोंडात 'गाव' अजून नऊ-दहा किलोमीटर लांबच आहे. त्यालाही कारण आहे. रेल्वे आली ती गावापासून दूर, आणि स्टेशनाभोवती नाशिकरोड वसलं. स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली होती. ती बंद पडून नव्वदच्या आसपास वर्षं झाली, पण तिकडे निघताना आपण अजूनही परगावी निघाल्यासारखे डबे बांधतो.

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला. पहिली नऊ वर्षं मी खजिनदार होतो, त्यामुळे जुन्या फायली मला माहीत आहेत, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर आहे. पण लिहायला बसलो तेव्हा मनात सारखी गेल्या डिसेंबरातली एका रविवारची सहल येत राहिली. म्हणून आधी सहलीचं सांगतो. सोसायटीच्या इतिहासाचं एक पान त्यातच निघतं, ते शेवटी येईल.

निमित्त आमच्या नातीचं. ती आठवीत आहे. शाळेने 'आपला परिसर' असा प्रकल्प दिला होता. सून म्हणाली, पाहुणे आले की आपण त्यांना रामकुंड दाखवतो, सीतागुंफा दाखवतो आणि मिसळ खाऊन परत येतो. यंदा जरा नीट बघू. मी आपले सध्याचे खजिनदार, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी, यांना सहज विचारलं, येता का? ते हो म्हणाले. मागून त्यांच्या आईचा आवाज आला, "मी बी येनार." आजींचं वय चौऱ्यांशी. सोसायटीतली सगळी मुलं त्यांना ओळखतात. संध्याकाळी बाकावर बसलेल्या असतात त्याच. दोन गाड्या, आठ माणसं, दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या. सकाळी साडेसातला विहितगाव-वडनेरच्या रस्त्याने निघालो.

डोंगरावरची बँक

पहिला मुक्काम पांडव लेणी. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. शिलालेखांत ते 'तिरण्हु' असं येतं. एकूण २४ लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी कोरलेली. जुनी लेणी दोन हजार वर्षांच्या आसपासची. आजींना पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. त्या पायथ्याच्या बुद्धविहारात बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "सावकाश या. मला हितं बरं वाटतं." दरवर्षी एकदा तरी त्या तिथे येतात, हे मला त्या दिवशी कळलं. एकाच जिन्याने बावीस वर्षं वरखाली करतो आपण, आणि शेजारी कुठे जातात ते माहीत नसतं.

मी प्रेसमध्ये ३४ वर्षं नोकरी केली. आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी प्रेसचं आहे, त्यामुळे नोट म्हटलं की आपले कान टवकारतात. नाशिकरोडला नोटा छापायला सुरुवात झाली १९२८ साली. पण या भागात पैशाचा चोख हिशेब त्याच्याही अठराशे वर्षं आधी लिहून ठेवलेला आहे, हे मला लेणे क्रमांक १० च्या ओवरीत उभं राहिल्यावर समजलं. तिथे मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला ब्राह्मी लिपीतले लांब लेख आहेत. वाचता येत नाहीत, पण त्यांचा मराठी सारांश मी घरून उतरवून नेला होता. नात मोबाइलच्या उजेडात वाचत होती आणि आम्ही ऐकत होतो.

लेख आहे उषवदाताचा. हा क्षहरात राजा नहपानाचा जावई. त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्याबरोबर ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. (कार्षापण हे त्या काळचं नाणं; लेखात 'काहापण' असं आहे.) या ठेवीला शब्द आहे 'अक्षयनीवी', म्हणजे न संपणारं भांडवल. हे पैसे त्याने लेण्यात गाडून ठेवले नाहीत. गोवर्धन नावाच्या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवले. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं आजचं गोवर्धन, असं मानतात. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. आपल्या भाषेत सांगायचं तर सहकारी संस्था. एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,००० ठेवले, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. आणि अट अशी की मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

पुढे खर्चाची तरतूदही आहे. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, कपड्यासाठी. मी नातीला म्हटलं, दोन हजारांवर महिना एक टक्का, वर्षाचं किती? ती म्हणाली, दोनशे चाळीस. आणि वीस माणसांना बारा-बारा? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तेवढेच!"

तेवढेच. एकही नाणं कमी नाही की जास्त नाही. दुसऱ्या हजाराचं व्याज वर्षाला ९० होतं, ते इतर किरकोळ खर्चासाठी. आपले विद्यमान खजिनदार माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "काका, हा तर आपला सिंकिंग फंड." दरवर्षी सर्वसाधारण सभेत 'एवढा पैसा पडून आहे तर रंग का काढत नाही' असं विचारणाऱ्या सभासदांना आम्ही दोघांनी, आधी मी आणि नंतर त्यांनी, हेच उत्तर दिलंय: मुद्दलाला हात लावायचा नाही. ऐकणाऱ्यांना तो आमचा हट्ट वाटायचा. आता सांगता येईल की ही नाशिकची एकोणीसशे वर्षांची रीत आहे.

लेखाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं त्यात म्हटलंय. इतिवृत्त लिहिलं, वाचलं, कायम केलं. आपण वेगळं काय करतो?

याच उषवदाताच्या दुसऱ्या नोंदींत नदीवर फुकट नावा ठेवल्याचं आहे, दमण, तापी, डहाणू अशी ओळखीची नावं त्यात येतात. धर्मशाळा, विहिरी आहेत. ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावं आहेत. ७०,००० कार्षापणांचं एक दान आहे आणि त्याचे २,००० सुवर्ण होतात असा भावही लिहून ठेवलाय, म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला ३५ कार्षापण. नोटा हाताळलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटतं ते प्रेसवाल्यांनाच कळेल. एक शेत त्याने एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेतलं आणि लेण्यातल्या भिक्षूंच्या जेवणासाठी लावून दिलं. कुठल्या भिक्षूंच्या? तर 'चातुदिस' संघाच्या. चारी दिशांचा संघ. कोण कुठून आला हे विचारायचं नाही. पूर्वेचा असो की पश्चिमेचा, आला तो आपला, असा त्याचा अर्थ.

हा शब्द मी तेव्हा नुसता ऐकला. दुपारी तो परत आठवला.

नाशिककरांचं दान

लेणे क्रमांक १८ हे चैत्यगृह. आत स्तूप आहे. त्याच्या दारावरच्या कमानीपाशी एक लहानसा लेख आहे आणि तो मला सगळ्यांत आवडला. राजाचं नाव नाही, सेनापतीचं नाही. नाशिककरांच्या धंबिक गावाचं हे दान, एवढंच. गावाने वर्गणी काढली आणि दाराचं काम करून दिलं. नाशिक हे नाव इतक्या जुन्या काळात लिहिलेलं सापडतं त्यांतली ही एक जागा. आपल्या गावाचं नाव दगडात दिसतं तेच मुळी वर्गणीच्या पावतीवर!

बाकीच्या लेण्यांत फिरताना देणाऱ्यांची यादी वाढत गेली. मुगुदास नावाचा एक 'दासक' आहे; अभ्यासक त्याचा अर्थ कोळी असा लावतात. उत्तरेकडून आलेला एक यवन आहे, इंद्राग्निदत्त. नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिच्या नावाची खोली आहे. कोळी, यवन, शक राजकन्या, सगळ्यांची नावं एकाच डोंगरावर.

मग लेणे क्रमांक ३. हे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने दिलेलं. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा, म्हणजे उषवदाताच्या सासऱ्याच्या घराण्याचा, पराभव केला. याचा पुरावा आपल्या नाशिकरोडच्या पलीकडेच सापडलाय. सिन्नर तालुक्यात गोदाकाठी जोगलटेंभी आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी नहपानाची आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला. नाणी वितळवली नाहीत, जुन्या चेहऱ्यावरच नवा ठसा ठोकला आणि चालवली. कित्येकांवर खालचा नहपान अजून दिसतो.

या तिसऱ्या लेण्यात एक सरकारी पत्र कोरलेलं आहे, त्याच्यापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ उभा राहिलो. गौतमीपुत्राच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षातलं. गोवर्धनच्या अमात्याला राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने हुकूम आहे. मजकूर थोडक्यात असा: आम्ही पूर्वी या लेण्यातल्या भिक्षूंना ककडी गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही. तेव्हा नगराच्या शिवेवरच्या आमच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तनं त्यांना द्यावीत.

विचार करा. एवढा मोठा राजा, तीन समुद्रांपर्यंत ज्याचे घोडे पोचले असं त्याची आई दुसऱ्या लेखात सांगते, तो इथे कबूल करतोय की आम्ही दिलेलं दान नुसतं कागदावर राहिलं, भिक्षूंच्या हाती काही लागलं नाही. गुपचूप दुसरी जमीन देता आली असती. पण आधीची चूक आणि नंतरची दुरुस्ती, दोन्ही दगडावर कोरली. आजही ती तिथे आहे.

खाली आलो तेव्हा आजी विहारात एका लहान मुलीशी गप्पा मारत होत्या. आमच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "दमले सगळे. आता मिसळ खा." खाल्ली.

पूर्वेचा दरवाजा

गावात शिरलो तेव्हा बारा वाजत आले होते. येत्या सिंहस्थाची कामं सगळीकडे, त्यामुळे गाडी लांब लावून चालावं लागलं. अहिल्यादेवी होळकर पूल, म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, तिथून गोदाघाट. नारोशंकराचं मंदिर १७४७ सालचं, आणि त्यावरची ती घंटा पोर्तुगीज घडणीची, मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली. नातीला दुतोंड्या मारुती दाखवला. नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं असं मोजतो. गावातल्या प्रत्येकाला ते माप कळतं.

तिथून काळाराम. काळ्या दगडाचं हे मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधून पूर्ण केलं. भोवती उंच तट आणि त्याला चारी दिशांना दरवाजे. आम्ही इथे कितीदा आलोय. दर वेळी चपला काढायच्या, आत जायचं, दर्शन घ्यायचं, प्रदक्षिणा घालून बाहेर. दरवाजाकडे दरवाजा म्हणून मी कधी बघितलं नव्हतं.

आजी पूर्वेच्या दरवाज्यासमोर थांबल्या. त्यांचे चिरंजीव म्हणाले, "आई आत येत नाही, काका. तिला दार बघायचं होतं." आणि मग त्यांनी सांगितलं की आजींचे वडील इथे बसले होते. १९३० साली.

काळाराम मंदिर सत्याग्रह आपण सगळ्यांनी शाळेत एका ओळीत वाचलाय. तो एका ओळीचा नव्हता. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मोठी मिरवणूक निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही चारी दरवाज्यांसमोर बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. संघटनेचं काम दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड, यांच्याकडे होतं. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ निघाला तेव्हा मारामारी झाली, दगडफेक झाली. खेड्यापाड्यांतून माणसं येत राहिली, पाळीपाळीने बसत राहिली, तुरुंगात जात राहिली. हे थोडेथोडके दिवस नाही, १९३४ पर्यंत चाललं. दरवाजे उघडले नाहीत. तेव्हा बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून हा लढा थांबवायला सांगितलं. माझ्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी हे आरंभलं नव्हतं, त्यांच्यात जाग यावी म्हणून आरंभलं होतं, असा त्या पत्राचा आशय. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली.

आजींचे वडील तेव्हा वीस वर्षांचे. निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातून पायी आले. फडक्यात भाकरी बांधलेली. पाळी आली ती पूर्वेच्या दरवाज्याला. पुढे म्हातारपणी ते एकच गोष्ट परत परत सांगायचे, लाठीची नाही आणि दगडांचीही नाही. उन्हाची.

"बापू म्हनायचा, सकाळचं ऊन तोंडावर यायचं," आजी म्हणाल्या. "दगूड तापायचा. बसवत नसायचं. मग दुपार कलली का तटाची सावली पडायची. तवा बरं वाटायचं. म्हनायचा, रामाच्या देवळानं आम्हाला सावली तेवढी दिली." आणि मग जरा थांबून, "खरंच पडती का सावली, ते बघायचंय मला."

आम्ही आत जाऊन आलो. मी रामाला हात जोडले, नेहमीसारखेच. बाहेर आलो तर आजी एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आणि नात त्यांच्याजवळ, वही मिटलेली. पोरीने विचारलंच, "आजी, आता तर सगळ्यांना आत जाता येतं. मग तुम्ही का नाही जात?"

"जाता येतं म्हनून जायलाच पायजे असं कुटंय, बाई? बापूला दर्शन नव्हतं पायजे. दार उघडायला पायजे होतं."

डिसेंबरातलं ऊन. दीडच्या सुमाराला तटाच्या पायथ्याशी एक काळी रेघ आली आणि हळूहळू रुंद होत गेली. आजी उठल्या, दोन पावलं पुढे जाऊन त्या सावलीत उभ्या राहिल्या. तटाच्या दगडाला हात लावला. "पडती," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चला."

चारी दिशांचा संघ, हा सकाळी ऐकलेला शब्द मला तिथे आठवला. दोन्ही जागांत पंधरा किलोमीटरही अंतर नाही. तिकडे डोंगरावर चारी दिशांना आमंत्रण कोरलेलं, आणि इकडे तटाला चार दिशांचे चार दरवाजे, चारही बंद.

हिरवी खूण

आता सोसायटीच्या इतिहासातलं ते पान.

२००३ साली आपल्या सोसायटीतला एक फ्लॅट विकला जात होता. हस्तांतरणाचा अर्ज आला. कागद तपासणं माझ्याकडे होतं. मी ते तपासले, अकराही कागद पूर्ण होते. प्रत्येकावर हिरव्या शाईने खूण केली, खाली १२ जून अशी तारीख टाकली आणि फाइल समितीपुढे ठेवली. सभा संपल्यावर चहा पिताना कोणीतरी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" दुसरा कोणी म्हणाला, "जरा चौकशी करू." कुणी वाईट शब्द बोललं नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'कागदपत्रे अपुरी असल्याने निर्णय पुढील सभेत'. पुढच्या सभेतही तेच. मला माहीत होतं की कागद अपुरे नाहीत. मी गप्प बसलो. इतिवृत्त वाचलं गेलं तेव्हा कायम करायला हात वर केला. शेवटी विकणारा सभासद उपनिबंधकांकडे जातो म्हणाला तेव्हा अर्ज मंजूर झाला. तेवढ्या काळात घेणाऱ्यांच्या कर्जाच्या मंजुरीची मुदत संपली, ते परत मंजूर करून घ्यावं लागलं, आणि भाड्याच्या घराचं भाडं भरत राहावं लागलं ते वेगळंच.

ते घेणारे म्हणजे आपले आजचे खजिनदार. २००९ साली मी त्यांच्याकडे कपाटाच्या किल्ल्या दिल्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्टची दुरुस्ती, करोनातल्या त्या दोन वर्षांची थकबाकी, सगळं त्यांनी निभावलं आणि सिंकिंग फंडाच्या मुद्दलाला धक्का लागू दिला नाही.

परतीच्या वाटेला द्वारकेच्या चौकात आम्ही वीस मिनिटं अडकलो. मी त्यांच्याच गाडीत पुढे बसलो होतो. आजी मागे झोपल्या होत्या. मी विषय काढला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कागद तपासून झालेले होते आणि तरी मी बोललो नाही, एवढं सांगितलं.

ते म्हणाले, "काका, फाइल माझ्याकडंच आहे ना. हिरवी खूण बघितली मी. किल्ल्या घेतल्या त्याच आठवड्यात."

"मग विचारलं का नाही?"

"तुम्ही सांगाल असं वाटायचं." मग समोर बघत म्हणाले, "सिग्नल सुटला."

हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना वाचायला दिला. तुम्ही नको म्हणालात तर देणार नाही, असं सांगितलं. दोन दिवसांनी परत आणून दिला. एकच दुरुस्ती केली होती. अर्ज आठ आठवडे पडून होता असं मी लिहिलं होतं. त्यांनी पेन्सिलने आठच्या जागी दहा केलं होतं. आजींनी निरोप पाठवला होता की त्यांच्या गावाचं नाव घालू नका, बाकी बापूचं सगळं असू द्या.

तर सभासद बंधुभगिनींनो, २००३ च्या जून ते ऑगस्टमधल्या इतिवृत्तांत 'कागदपत्रे अपुरी' असं जे लिहिलंय ते चूक आहे. कागदपत्रे पूर्ण होती, १२ जूनलाच. अर्ज दहा आठवडे कागदांसाठी थांबला नव्हता. त्या वेळचा खजिनदार म्हणून हे मी इथे नोंदवतो. पंचवीस वर्षांत आपण पुष्कळ चांगल्या गोष्टी केल्या, त्या याच अंकात इतरांनी लिहिल्या आहेतच. गणपती, कोजागिरी, पावसाचं पाणी साठवण्याची टाकी, करोनातले डबे. त्यांच्या शेजारी ही नोंदही असावी.

नातीच्या प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. तिने मुखपृष्ठावर १८ नंबरच्या लेण्याचं दार काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'नाशिककरांचं दान'. नाशिकरोडच्या मुलीने स्वतःला नाशिककर म्हणवून घ्यायला सुरुवात केली, हेही काही कमी नाही.

तुम्ही पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन गावात गेलात की रामकुंड, मिसळ सगळं करा. पण त्याआधी डोंगर चढा, दहा नंबरच्या ओवरीत थांबून मुलांना ते दोनशे चाळीसचं गणित घाला. आणि काळारामाला गेलात तर आत जाण्याआधी पूर्वेच्या दरवाज्याबाहेर थोडा वेळ उभे राहा. दुपारी गेलात तर बरं. सावली असते.